जाऊबाईंची पेटी

१५ मे २००५, रविवार. काम: टँकरसाठी पिंपं घासून विहिरीजवळ लावणे.

पिंपं घासताना हात गुंतलेले असतात आणि डोकं रिकामं असतं, म्हणून ते काम मी सहसा दुसऱ्या कोणावर तरी ढकलते. त्या दिवशी ढकललं नाही, कारण घरात बसवत नव्हतं. घरात शांतता होती, आणि आमच्या थोरल्या जाऊबाई ज्या घरात आहेत तिथे शांतता असणं म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणं. शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी जाऊबाईंइतकी मला खाली मान घालायला लावणारी दुसरी व्यक्ती सापडणार नाही. हे मी रागाने म्हणत नाही. मी गावची सरपंच आहे, मला चारचौघांत मान वर ठेवून बसावं लागतं, आणि ज्या ज्या वेळी ती खाली गेली त्या प्रत्येक वेळी जाऊबाई आणि त्यांची पेटी जवळपास होती, एवढंच सांगायचं आहे.

पेटी म्हणजे बाजाची पेटी नव्हे. जाऊबाई मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. आमच्या शेणव्याकडच्या भागात बाई नोकरीला जाते म्हणजे अंगणवाडीत किंवा शाळेत, अशी समजूत असताना जाऊबाई मुरबाडला खोली घेऊन राहिल्या आणि थोरले दीर भातशेती सांभाळून आठवड्याच्या बाजाराला त्यांना भेटायला जात. मग कंपनी बंद पडली आणि ऑफिसातलं सामान भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलं. त्या सामानात तीन छोटे वर्ड प्रोसेसर होते. ज्यांनी ते पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते: टाइपरायटर आणि कॉम्प्युटर यांचं लग्न लागून झालेलं ते एक अपत्य होतं आणि आईबापांपैकी कोणीच ते फार दिवस सांभाळलं नाही. दप्तराएवढी पेटी, वरती धरायला मूठ, झाकण उघडलं की बटणं, बटणांच्या वर पट्टीएवढा करडा पडदा. त्या पडद्यावर चार ओळी दिसत. हवं ते लिहा, खोडा, वरचं खाली करा आणि मनासारखं झालं की कागद घालून छापा, छापायची सोय पेटीच्या पोटातच. कंपनीत खरे कॉम्प्युटर आले तेव्हा या पेट्या कपाटावर गेल्या होत्या आणि कपाटावरून टेम्पोत. जाऊबाई त्या टेम्पोच्या मागे रिक्षा करून गेल्या. सोन्याची बांगडी हरवली असती तर त्या रिक्षा करून गेल्या नसत्या, याची मला खात्री आहे.

तीन पेट्या घेऊन त्या गावच्या घरी कायमच्या राहायला आल्या. पेट्यांना त्यांनी थोरलं, मधलं आणि धाकटं अशी नावं ठेवली. मधलं पहिल्याच वर्षी मेलं. त्याची मोटार थोरल्याला बसवली, पडदा धाकट्याला. पुढे थोरलंही गेलं आणि त्याचंही जे काही चालतं होतं ते धाकट्यात गेलं. धाकटं शेवटी इतक्या तुकड्यांचं झालं की त्याचं झाकण एका रंगाचं, बूड दुसऱ्या रंगाचं आणि मधली बटणं तिसऱ्याच. माझ्या माहेरची माणसं आली की पेटीकडे बघत आणि मग माझ्याकडे बघत. मी चहा ठेवायला आत जाई.

जाऊबाईंच्या अंबाड्यात कायम एक डिसमिस खोचलेला असे. डिसमिस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, हिरव्या मुठीचा. आकडे घालायच्या जागी डिसमिस. लग्नाला तोच, बारशाला तोच. एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तहसीलदारांच्या पत्नी आल्या होत्या. त्यांनी जाऊबाईंना कुंकू लावलं आणि फूल माळायला हात मागे नेला तो एकदम काढून घेतला. जाऊबाईंनी शांतपणे डिसमिस काढून पदराला पुसला, फूल खोचून घेतलं आणि त्यावर डिसमिस परत बसवला. “नायतर पडतं,” म्हणाल्या. बाई पुढच्या संक्रांतीला आल्या नाहीत. त्यांची बदली झाली होती असं नंतर कळलं, पण वर्षभर मी ते डिसमिसच्या खात्यावर टाकलं होतं.

पेटीच्या आत रबराचे बारीक पट्टे असतात, ते वर्षाकाठी सैल पडतात. दुकानात ते मिळत नाहीत, कारण अशी पेटी विकणारं दुकानच उरलेलं नाही. त्यामुळे घरातली रबरासारखी कुठलीही वस्तू सुरक्षित नव्हती. सायकलची ट्यूब गेली, पंपाचा वायसर गेला, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांतलं इलॅस्टिक गेलं. माझ्या भाच्याच्या साखरपुड्याची बोलणी आमच्याकडे झाली, त्या दिवशी मुलीकडची मंडळी पानावर बसायला खोळंबलेली आणि कुकर काही शिट्टी देईना. मी गॅस वाढवला, कमी केला, देवाचं नाव घेतलं, शेवटी झाकण काढून पाहिलं तर रिंग नव्हती. रिंग कापून पेटीत घातली होती आणि पडवीत पेटी मजेत टकटकत होती. पाहुणे भाताशिवाय आमटी पीत बसले. जाऊबाईंना मी आत बोलावून विचारलं तर त्यांना खरोखर नवल वाटलं. “अगो, भात पातेल्यात व्हतो,” त्या म्हणाल्या. “ही पातेल्यात चालेल काय?”

सगळ्यात मोठा उद्योग चकतीचा. छापायची अक्षरं एका प्लास्टिकच्या चकतीवर असतात. चकती सूर्यफुलासारखी, प्रत्येक पाकळीच्या टोकाला एक अक्षर. बटण दाबलं की चकती गरकन फिरते, ती पाकळी समोर येते आणि मागून हातोडी बसते. अक्षरं अर्थातच इंग्रजी. जाऊबाईंनी ब्लेडने इंग्रजी अक्षरं खरवडली आणि शहापूरच्या शिक्केवाल्याकडून रबराची इवलीशी मराठी अक्षरं करून घेऊन ती एकेका पाकळीवर चिकटवली. या कामात त्यांचा एक अख्खा दिवाळीचा फराळ बुडाला. चकती तयार झाली आणि पेटी मराठी छापायला लागली, पण पडद्याला याचा पत्ता नव्हता. पडद्यावर इंग्रजीच अक्षरं उमटत, कशीही, काही अर्थ नसलेली, आणि कागदावर मात्र नीट मराठी उतरे. तो पडदा वाचता येणारी व्यक्ती जगात एकच. जाऊबाई पडद्यावरचा तो इंग्रजी खिचडा बघत असं काही घडाघडा मराठी वाचून दाखवत की नवीन माणसाला वाटे, बाईंच्या अंगात आलं आहे.

शाई शिक्क्याच्या पॅडची, जांभळी. रिबन वाळली की त्यावर शाई चोळायची, हाताने. त्यामुळे जाऊबाईंची दहाही बोटं बारा महिने जांभळी. मी बायकांच्या राखीव जागेवर उभी राहिले त्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी जाऊबाई नवं लुगडं नेसून शाळेत गेल्या आणि बोट पुढे केलं. बोटाला आधीच शाई. मतदान अधिकाऱ्याने दुसरं बोट मागितलं, तेही तसंच. दहाही बोटं बघून झाल्यावर तो खुर्चीतून उठला. समोरच्या पार्टीचा माणूस आतच बसलेला, त्याने ओरड केली की उमेदवाराच्या घरची बाई दहा वेळा मत देऊन आली. मी नियमाप्रमाणे लांब, प्रचारबंदीच्या रेषेच्या बाहेर हात जोडून उभी होते. हात जोडलेलेच ठेवले, मान खाली घातली. शेवटी गिरणीवाल्याने रॉकेलचा बोळा आणून दिला, जाऊबाईंनी सगळ्यांसमोर एकेक बोट पुसून दाखवलं आणि मत दिलं. बाहेर येऊन मला म्हणाल्या, “तुलाच दिलं हो. नायतर म्हणशील एवढं करून कुणाला दिलं.” हे त्या रेषेच्या आत उभ्या राहून म्हणाल्या.

पण या सगळ्यापेक्षा वाईट खोड वेगळीच होती. त्यांना माणसांचं बोलणं टाइप केल्याशिवाय राहवत नसे. साहेब बोलायचा आणि या टाइप करायच्या, उभा जन्म यात गेलेला. आता साहेब उरला नव्हता म्हणून जो बोलेल तो साहेब. पेटी मांडीवर घेऊन त्या पडवीत बसत आणि जो येईल त्याचं बोलणं शब्दाला शब्द पेटीत जाई. खोकला आला तर कंसात खोकला. थोरले दीर मुळात कमी बोलणारे, पेटी घरात आल्यावर ते खाणाखुणांवर आले. वीज असो नसो, फरक नाही. त्या वर्षांत आमच्याकडे वीज जाण्याला वेळापत्रक होतं आणि येण्याला नव्हतं, पण जाऊबाईंनी पेटीला स्कूटरची बॅटरी जोडली होती. सगळं गाव अंधारात आणि आमच्या पडवीतून टकटक टकटक.

गंमत अशी की पेटीचं कौतुक करताना त्या नेहमी एकच गोष्ट सांगत. टाइपरायटरवर शब्द पडला की पडला, हिच्यात कागदावर उतरेपर्यंत शब्द कच्चा असतो, हवा तेव्हा खोडता येतो. ते खोडायचं बटण त्या अभिमानाने दाखवत. आणि ते बटण त्यांनी स्वतःच्या बोटाची चूक सोडून कशासाठीही दाबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी एकदा विचारलं की माणूस चिडून काहीबाही बोलतो, ते थोडं सुधारून का नाही लिहीत? तेव्हा त्या पेटीवरून नजर न काढता म्हणाल्या, “बोलनारा बोलतो, टायपिस्ट उतरवतो. लाज वाटायची तर बोलनाऱ्याला वाटू दे. टायपिस्टनं वाटून घ्यायची नाय.”

मी सरपंच झाल्यावर त्यांना नवं ऑफिस मिळालं. ग्रामसभेत त्या पहिल्या रांगेत पेटी घेऊन बसत. ग्रामसेवक आपलं सरकारी इतिवृत्त चार ओळींत लिही, ‘सर्वानुमते मंजूर’ वगैरे. जाऊबाईंचं इतिवृत्त चार पानी. ते त्या घरी आल्यावर मला सगळं वाचून दाखवत, साहेबाला दाखवायच्या तशा, एका सुरात, मग छापत आणि भाताच्या खळीने गिरणीच्या भिंतीवर डकवत. गिरणीत माणूस दळण होईपर्यंत अडकलेला असतो. गिरणीवाला इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून कागद वाचून दाखवी. कोण रस्त्याबद्दल काय बोललं, कोणी कोणाच्या आईवरून काय बोललं, सगळं. पहिल्या दोन सभांनंतर गावातले बाप्ये सभेत शिव्या द्यायचे बंद झाले. एक जण तर बोलायला उठला, जाऊबाईंच्या बोटांकडे बघितलं आणि नमस्कार करून खाली बसला. लोक मला विचारत, तुमच्या जाऊबाईंना काही सांगा की. मी म्हणे, सांगते. त्या ‘सांगते’ हेसुद्धा टाइप होत असे.

वरच्या वाडीलाही सभेत काय झालं ते गिरणीतच कळे. वाडी डोंगराच्या सोंडेवर, गावापासून चांगली दमवणारी चढण. वाडीची माणसं ग्रामसभेला क्वचित येत. त्या महाराष्ट्र दिनाच्या सभेला तर कोणीच नव्हतं, कारण करवंदं आणि जांभळं तयार झाली होती आणि वाडी सगळी पाट्या घेऊन आसनगाव स्टेशनावर विकायला गेली होती. सभेत विषय पाण्याचा. आमच्या तालुक्यातली धरणं मुंबईला पाणी पाजतात आणि मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतो, यात आता कोणाला नवल वाटत नाही. टँकर मंजूर झाला होता एक, खेप दिवसाला एक. गिरणीवाला उठला आणि त्याने विचारलं, “वाडीचं कसं?” टँकरवाल्याने आधीच सांगितलं होतं की वरपर्यंत गाडी चढत नाही. मला पुढचे सहा विषय संपवायचे होते. मी म्हटलं, “वाडीच्या बायकांना चालायची सवय हाय. आधी गावाची विहीर भरू.” माना हलल्या, पुढचा विषय घेतला. टकटक चालू होती.

संध्याकाळी जाऊबाईंनी वाचायला घेतलं. मी तांदूळ निवडत होते. रस्ता झाला, गटार झालं, आणि मग त्यांच्या त्या सपाट, कोणाचाच नसलेल्या आवाजात ते वाक्य आलं. वाडीच्या बायकांना चालायची सवय हाय. तांदळातला खडा दाताखाली यावा तसं झालं. सभेत बोलताना ते वाक्य कामाचं वाटलं होतं, चटकन निकाल लावणारं. आता ऐकलं तर ते बोलणारी बाई मला ओळखू येईना. मी स्वतः लग्नानंतर दहा वर्षं डोक्यावर हंडा वाहिला आहे. मला कोणी सवय आहे म्हटलं असतं तर मी हंडा त्याच्या अंगावर ओतला असता.

“ताई, तेवढं वाक्य नको,” मी म्हटलं.

“कुठलं?”

“सवयीचं.”

“बोललीस ना तू?”

“बोलले. पण वाडीचं कोणी नव्हतं तिथं. कागदावर कशाला?”

त्यांनी बोलणाऱ्याचं आणि टायपिस्टचं तेच पुन्हा सांगितलं, शांतपणे. माझी लाज एव्हाना रागाच्या कपड्यांत शिरली होती. मी म्हटलं, “या घरात राहताय ना? मग घरातल्या माणसाच्या खुर्चीचा पण विचार करा.” घर दोघींच्या सासऱ्यांचं. त्यांचा त्यावर माझ्याएवढाच हक्क. पण पेटीशिवाय काहीही न घेता परत आलेल्या माणसाला हे वाक्य कुठे लागतं ते मला माहीत होतं आणि मी ते तिथेच मारलं.

 जाऊबाईंनी खोडायचं बटण दाबलं. पडद्यावरची ती अर्थ नसलेली अक्षरं उजवीकडून एकेक करून गेली. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी नक्की कुठलं जात आहे ते कळत होतं. मग त्यांनी कागद घालून छापला, दुसऱ्या दिवशी गिरणीवर डकवला, पेटी जुन्या लुगड्यात बांधून तांदळाच्या कोठीमागे ठेवली आणि अंबाड्यातला डिसमिस काढून फळीवर ठेवला. त्या जागी साधे आकडे घातले. मी विचारलं तर एवढंच म्हणाल्या, “मी आता टायपिस्ट नाय.”

कागद मी दोन दिवसांनी पाहिला. त्यांनी वाक्य खोडलं होतं, पण खालचा मजकूर वर घेतला नव्हता. एवढ्या गच्च जांभळ्या कागदात मधोमध त्या वाक्याच्या लांबीएवढी जागा कोरी. पेटीला एका बटणात ती मिटवता आली असती. त्यांच्याने ते झालं नव्हतं. आणि त्या कोऱ्या जागेने गावात जे केलं ते वाक्याने केलं नसतं. गिरणीवाला वाचताना तिथे आला की थांबे आणि म्हणे, “इथं काय व्हतं कोण जाणे.” मग जो तो आपापल्या मगदुराप्रमाणे जागा भरी. कोणी म्हणे सरपंचीणबाईंनी आमदारांना शिवी दिली, कोणी म्हणे ग्रामसेवक रडला. सभेत हजर असलेल्यांनाही आठवेना. मलाच तेवढं आठवत होतं. लोक मला रस्त्यात थांबवून हसत हसत विचारत, काय गो, काय बोललीस एवढं? मी घाई आहे म्हणून पुढे जाई.

घरात तर त्याहून वाईट. टकटक थांबली तेव्हा प्रथम कळलं की इतकी वर्षं मी तिच्या तालावर भाकऱ्या थापत होते. जाऊबाई सगळी कामं करत होत्या, उलट जास्तच. निवडणं, टिपणं, झाडणं, मी जे सांगेन ते. मला तेच सहन होईना. थोरले दीर आता बोलायला मोकळे होते, पण तेही बोलेनात. एकदा मीच कुकरची नवी रिंग आणली आणि जुनी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उचलून केरात टाकली.

त्या रविवारी पिंपं लावून झाल्यावर मी दळण घेऊन गिरणीवर गेले. तिथे वाडीची एक म्हातारी नाचणीचा डबा घेऊन बसली होती. तिला वाचता येत नाही. गिरणीवाला मला बघून कागदाचा विषय टाळत होता, पण म्हातारी उठली आणि तिने कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. ही जागा मोकळी का, म्हणून विचारलं. गिरणीवाला म्हणाला, छापायचं राहिलं असेल. म्हातारीने मान हलवली. “ऱ्हायलेली नाय, काढलेली हाय,” ती म्हणाली. “रोप उपटल्यावर अशी दिसते.” मग तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, डबा डोक्यावर घेतला आणि चढणीला लागली. पीठ गरम होतं. मी ते तसंच घेऊन घरी आले.

घरी जाऊबाई धुणं वाळत घालत होत्या. मी कोठीमागून पेटी काढली नाही, फक्त बॅटरी काढली. पंधरा दिवसांत ती उतरली होती. ती पिशवीत घालून शेणव्याला गॅरेजवाल्याकडे चार्जिंगला नेली आणि दिवेलागणीला परत आणली. बॅटरी आडवी धरायची नसते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आतलं अॅसिड सांडून माझ्या चांगल्या साडीला भोकं पडली. ती साडी मी अजून नेसते, भोकं निऱ्यांत जातात.

आज जाऊबाई थकल्या आहेत. धाकटं पुढे दोन पावसाळे चाललं आणि मग पडद्यावर काही उमटेनासं झालं. त्यांनी ते पुसून कपाटावर ठेवलं आहे, जिथून ते टेम्पोत गेलं होतं तशाच एका कपाटावर. मी बोलायला लागले की त्यांची बोटं अजूनही मांडीवर हलतात. पूर्वी मला त्याची चारचौघांत लाज वाटायची. आता ती हलताना दिसली की मी जरा जपून बोलते. त्या बोटांना खोडायचं बटण आता नाही.

पण सांगायची होती ती बॅटरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी उजाडताच गिरणीवर गेले, भिंतीवरचा कागद ओल्या फडक्याने भिजवून सोडवला आणि पिठाने माखलेला तो कागद हातात धरून घरी आले. पेटी लुगड्यातून काढून पडवीत ठेवली. बॅटरी जोडली, लाल वायर लालला. फळीवरचा डिसमिस घेऊन जाऊबाईंपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही, पण कागद घेतला, पेटीच्या रुळात घातला, खालीवर करून कोरी जागा बरोबर चकतीसमोर आणली आणि बोटं बटणांवर ठेवून थांबल्या.

 “बोल,” त्या म्हणाल्या. “सावकाश.”

सभेत एका दमात गेलेलं वाक्य पडवीत जाईना. थोरले दीर दारात उभे होते, ते आत गेले नाहीत. मी ते वाक्य म्हटलं, शब्दाला शब्द. चकती फिरली. जागा पुरेपूर भरली, त्यांनी मोजूनच सोडली होती. कागद मी स्वतः खळ लावून परत भिंतीवर डकवला आणि गिरणीवाल्याला म्हटलं, वाच, मोठ्याने वाच. परत येते तर जाऊबाईंच्या अंबाड्यात डिसमिस होता.

टँकर आला तेव्हा मी घासलेल्या पिंपांजवळ त्याला थांबू दिलं नाही. केबिनमध्ये चढून बसले आणि वाडीकडे घ्यायला सांगितलं. गाडी चढत नाही, ड्रायव्हर म्हणाला. चढेल तिथवर ने, मी म्हटलं. मागून विहिरीवरच्या बायकांनी आरडाओरडा केला आणि तो सगळा, मला खात्री आहे, पडवीत टाइप झाला. तिसऱ्या वळणावर चाकं फिरायला लागली तेव्हा मी उतरले आणि बाकीचं चालत गेले. दोनदा दगडावर टेकावं लागलं. वर म्हातारी दारात करवंदं निवडत होती. मी तिला म्हटलं, टँकर वळणावर उभा आहे, बायकांना घेऊन खाली चला, आणि त्या कागदावरची जागा भरली आहे.

“काय व्हतं तिथं?” तिने विचारलं.

मी तिसऱ्यांदा ते वाक्य बोलले, तिच्या तोंडावर, चेहऱ्याकडे बघून. ती हसली नाही की रागावली नाही. 

“सवय हाय खरी,” ती म्हणाली. मग हंड्यावर कळशी चढवून ती माझ्यापुढे उतरायला लागली, आणि रिकाम्या हातांनी मला तिच्या मागे चालता येईना.